नाना शंकरशेठ : मुंबईचे शेठजी आणि आपल्या शाळांचे पाठीराखे



आज आपण जगन्नाथ शंकरशेठ म्हणजेच नाना शंकरशेठ यांच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. निबंध, भाषण, परिपाठ, परिसर अभ्यास, कशासाठीही ही माहिती तुम्हाला वापरता येईल. पण आधी हा लेख लिहावासा का वाटला ते सांगते.

मागच्या महिन्यात वर्गात परिसरातील ठिकाणांची नावं हा घटक घेत होते. रोज येता-जाता बसमध्ये कंडक्टर ज्याचं नाव ओरडतो, त्या नाना चौकातले हे नाना कोण, असं मी मुलांना विचारलं. एकाने सांगितलं, कोणाचे तरी आजोबा असतील. दुसरा म्हणाला की नाना पाटेकर. वर्गात खूप हशा झाला. मीही हसले. पण मधल्या सुट्टीत मनात आलं, आपल्याला तरी किती माहीत आहे? डीएडला असताना नाना शंकरशेठ हे नाव मी एका ओळीत पाठ केलं होतं. एका गुणाच्या प्रश्नासाठी तेवढं पुरत होतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर एक पालक भेटायला आले. रिक्षा चालवतात. मुलगा दुसरीत आहे, हुशार आहे. त्यांना दाखला हवा होता. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं आहे म्हणाले. मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या दोन दिवसांत मी नानांबद्दल वाचत बसले, आणि मला कळलं की माझ्या टेबलासमोर उभा राहिलेला हा प्रश्न मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या सरकारी मंडळात असाच उभा राहिला होता. तेव्हा आपल्या बाजूने बोलणारा माणूस होता एक व्यापारी. तोच हा नाना चौकातला नाना.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे
लोकांमधलं नाव : नाना शंकरशेठ, नाना
जन्म : १० फेब्रुवारी १८०३
घराण्याचं मूळ गाव : मुरबाड (जि. ठाणे)
आईवडील : भवानीबाई आणि शंकरशेठ
व्यवसाय : व्यापार, सावकारी, जमीनजुमला
कार्यक्षेत्र : शिक्षण, रेल्वे, नाट्यगृह, शहर सुधारणा, राजकारण
मृत्यू : ३१ जुलै १८६५, मुंबई

परिपाठाला एवढं पुरेल. पण आपल्याला पुढे जायचं आहे.

नानांच्या लहानपणीची मुंबई

मुलांना सांगताना इथून सुरुवात करा. कारण आजची मुंबई डोळ्यांसमोर ठेवली तर नानांचं काम समजतच नाही.

१८०३ साली मुंबई म्हणजे खाडी, भरतीचं पाणी, नारळीच्या वाड्या आणि दक्षिण टोकाला भिंतीने वेढलेला कोट. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तो हाच. नाना जन्मले त्याच महिन्यात, १७ फेब्रुवारीला, कोटातल्या बाजाराला भयंकर आग लागली आणि बराच भाग जळून गेला. त्यानंतर हळूहळू लोक कोटाच्या बाहेर घरं बांधू लागले आणि शहर उत्तरेकडे पसरू लागलं. म्हणजे नाना आणि ही नवी मुंबई एकाच वेळी वाढत होते असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हा शहरात आगगाडी नव्हती, कॉलेज नव्हतं, विद्यापीठ नव्हतं, म्युझियम नव्हतं. मुलींची शाळा तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. नाना गेले तेव्हा यातलं बरंचसं झालेलं होतं आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्यांचा हात किंवा पैसा लागलेला होता.

घर आणि पेढी

नानांचं घराणं दैवज्ञ सोनारांचं. पूर्वज मुंबईत आले आणि व्यापारात नावारूपाला आले. वडील शंकरशेठ हे शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. नानांना घरीच शिक्षक ठेवून शिकवलं गेलं. ते इंग्रजीही शिकले. त्या काळात फार थोड्या मुलांना हे मिळत होतं.

१८२२ साली वडील गेले. नाना तेव्हा १९ वर्षांचे. आज आपल्याकडे या वयाचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतो. या मुलाच्या हातात मोठी पेढी, जमिनी आणि माणसं आली. पैसा उडवायचं म्हटलं असतं तर हात धरणारं कोणी नव्हतं. पण नानांनी पेढी सांभाळली आणि वाढवली.

व्यापारात त्यांचं खरं भांडवल कोणतं होतं माहीत आहे? विश्वास. त्या काळी अरब, अफगाण असे दूरदेशीचे व्यापारी मुंबईत येत. ते आपला पैसाअडका बँकेत ठेवण्यापेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करत असं त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितलं जातं. क्षणभर विचार करा. भाषा वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा, आणि तरी माणूस आपली कमाई दुसऱ्याच्या ओटीत ठेवून जहाजात बसतो. ही पत एका दिवसात मिळत नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रामाणिकपणा हा विषय असेल तर हे उदाहरण जरूर घ्या.

आणि पुढे नानांनी समाजासाठी जे केलं ते याच पतीवर केलं. वर्गणी मागायला नाना उभे राहिले की लोक देत. सरकारकडे अर्ज गेला आणि त्यावर नानांची सही असली की साहेब तो वाचत. एका व्यापाऱ्याला शहरात असा मान मिळणं ही त्या काळातली नवी गोष्ट होती. आज ज्याला आपण सेलिब्रिटी म्हणतो तसेच ते होते. फरक इतकाच की स्वतःच्या नावाचा उपयोग ते शाळेसाठी करत.

शाळा उभी राहते

आता आपला विषय, शिक्षण.

१८२०च्या दशकात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यांच्या पाठिंब्याने इथल्या मुलांसाठी शाळा आणि शालेय पुस्तकं तयार करणारी एक संस्था निघाली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. विशीतले नाना त्या कामात पडले. मराठी छापील पाठ्यपुस्तकांची सुरुवात याच काळातली. त्याआधी गणित, भूगोल मराठीत छापून मुलाच्या हातात देणं ही कल्पनाच नव्हती. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर हेही याच सोसायटीत काम करत होते.

१८२७ साली एल्फिन्स्टन परत जायला निघाले. त्यांची आठवण म्हणून काय करावं यावर मुंबईकर जमले. त्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशातून उच्च शिक्षण देणारे प्राध्यापक नेमायचे ठरवलं. दोन लाखांहून जास्त रुपये जमले. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं. या सगळ्यात नाना पुढे होते. दादाभाई नौरोजी याच संस्थेत शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले.

मला इथे एक गोष्ट फार आवडते. निरोप द्यायचा तर हार-तुरे, मेजवानी यावर भागलं असतं. या लोकांनी निरोपाच्या पैशातून शिक्षक नेमले.

मातृभाषेचा वाद

पालकहो, हा भाग तुम्ही नीट वाचावा अशी विनंती.

१८४० साली सरकारने शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशन या मंडळाकडे दिला. त्यात नाना धरून तीन भारतीय सभासद होते, बाकीचे इंग्रज. १८४३ साली सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, मोठे विद्वान, आणि शिक्षण पसरावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पण त्यांचं मत असं की शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. देशी भाषांत पुस्तकं नाहीत, शास्त्रीय शब्द नाहीत, भाषांतर करत बसण्यापेक्षा सरळ इंग्रजी शिकवा. शिवाय पैसा थोडा आहे, तेव्हा वरच्या थरातल्या थोड्या मुलांना चांगलं शिकवा, म्हणजे ज्ञान हळूहळू खाली झिरपेल.

वाचताना ओळखीचं वाटतं ना? आजही आपल्या पालक सभेत थोड्याफार फरकाने हेच बोललं जातं.

नानांनी याला विरोध केला. बाकीचे भारतीय सभासदही त्याच बाजूचे होते. इंग्रजांपैकी कर्नल जर्व्हिस त्यांच्या बाजूला होते. जर्व्हिस हे इंजिनिअर. गणिताची पुस्तकं मराठीत आणण्याचं काम त्यांनी स्वतः केलेलं होतं, त्यामुळे हे जमत नाही असं त्यांना कोणी सांगू शकत नव्हतं.

नानांचं म्हणणं साधारण असं होतं. सगळ्या लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं असेल तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल. परक्या भाषेवर ताबा मिळवायलाच मुलाची कितीतरी वर्षं जातात. ज्याच्या घरी वेळ आणि पैसा आहे तोच तिथपर्यंत पोचतो. बाकीचे वाटेतच गळतात. पुस्तकं नसतील तर ती तयार करावीत. पुस्तकं नाहीत म्हणून भाषाच सोडून देणं बरोबर नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नाना इंग्रजीच्या विरोधात अजिबात नव्हते. ते स्वतः इंग्रजी शिकलेले होते, साहेबांबरोबर त्यांचा रोजचा व्यवहार होता आणि एल्फिन्स्टनसारख्या इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेचे ते आधारस्तंभ होते. त्यांचा मुद्दा पायाचा होता. पाया आपल्या भाषेत, आणि मग वरचे मजले हवे तितके चढवा.

वाद बराच तापला. १८४७-४८ च्या सुमाराला मंडळात दोन तट पडले आणि शेवटी प्रकरण सरकारकडे गेलं. निकाल कोणा एकाच्या बाजूने लागला नाही. ढोबळमानाने, खालचं शिक्षण देशी भाषेत आणि वरचं इंग्रजीत अशी वाटणी पक्की झाली.

आता शिक्षक म्हणून माझं मत सांगते. त्या निकालात नाना अर्धेच जिंकले. प्राथमिक शाळा मराठी राहिल्या, आज तुम्ही आम्ही त्यात नोकरी करतो. पण शिडीच्या वरच्या पायऱ्या इंग्रजीच्या झाल्या. सामान्य माणूस हुशार असतो. तो शिडीचं वरचं टोक बघतो आणि मग म्हणतो, वर इंग्रजीच आहे तर पोराला पहिल्यापासूनच तिथे का चढवू नये? माझ्यासमोर उभे असलेले ते रिक्षावाले दादा वेडे नव्हते. ते त्या जुन्या अर्ध्या निकालाचंच उत्तर शोधत होते.

वाड्यात मुलींची शाळा

१८४८ साली एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी आपल्या प्राध्यापकांच्या मदतीने विद्यार्थ्यांची साहित्य आणि विज्ञान विषयक सभा स्थापन केली. दादाभाई त्यात होते. १८४९ मध्ये या पोरांनी मुलींच्या शाळा काढायच्या ठरवलं. काही शाळा मराठी मुलींसाठी, काही पारशी मुलींसाठी. शिकवणार कोण? हेच तरुण, स्वतःच्या वेळात, पगार न घेता.

पण शाळेला जागा लागते. मुलींची शाळा म्हटल्यावर जागा देणार कोण? लोक नाव ठेवतील, जातीत बोलतील, भाडेकरू सोडून जातील. तेव्हा नानांनी गिरगावातली आपली वास्तू मुलींच्या शाळेसाठी दिली. शहरातल्या सर्वांत प्रतिष्ठित शेठजींच्या जागेत मुली शिकायला येतात म्हटल्यावर टीका करणाऱ्यांची तोंडं अर्धी बंद झाली असतील. काही वेळा वर्गणीपेक्षा उंबरठा मोकळा करून देणं जास्त मोलाचं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुंबईतल्या या सुरुवातीच्या शाळांत येणारी मुलं-मुली बहुतेक करून बऱ्या घरातली आणि वरच्या जातींतली होती. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली होती आणि पुढे ज्यांना समाजाने दूर ठेवलं त्यांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्यासाठी त्यांना घर सोडावं लागलं. नानांना तशी किंमत मोजावी लागली नाही. दोन्ही कामं मोठीच. पण वर्गात सांगताना हा फरक झाकू नका. मोठी मुलं तो समजून घेतात.

सतीच्या प्रथेला कायद्याने बंदी १८२९ साली बंगालमध्ये झाली आणि पुढे ती मुंबई इलाख्यातही लागू झाली. त्या बंदीला ज्यांनी इथे पाठिंबा दिला त्यांत नाना होते, हेही मुलांना सांगा.

आगगाडी

मुलांना सगळ्यात जास्त आवडेल असा हा भाग.

इंग्लंडमध्ये रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि ती मुंबईतही यावी असं काही लोकांच्या मनात आलं. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि नाना यांच्या पुढाकाराने रेल्वेसाठी मंडळ उभं राहिलं. पुढे हे प्रयत्न ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे म्हणजे जीआयपी या कंपनीत सामील झाले. आजची आपली मध्य रेल्वे ती हीच.

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी ठाण्याकडे निघाली. २१ तोफांची सलामी झाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडलेली होती. अंतर ३४ किलोमीटर. त्या पहिल्या प्रवासातल्या मानाच्या पाहुण्यांमध्ये नानांचं नाव सांगितलं जातं.

व्यापाऱ्याला रेल्वे का हवी होती, हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर सोपं आहे. घाटावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून बंदरात यायला आठवडेच्या आठवडे लागत, पावसाळ्यात वाट बंद होई. म्हणजे यात व्यापाऱ्यांचा फायदा होताच. पण त्याच रुळांवरून पुढे गावोगावची माणसं मुंबईत आली, गिरणीत लागली, चाळीत राहिली. तुमचे माझे आजोबाही बहुधा अशाच एखाद्या गाडीतून उतरले असतील. आज जी लोकल चुकली म्हणून आपला लेटमार्क लागतो, तिची पाळंमुळं इथे आहेत!

नाटक, बाग, म्युझियम आणि स्मशान

शहर म्हणजे नुसती दुकानं आणि गोद्या नव्हेत, हे नानांना कळलं होतं.

ग्रँट रोडला त्यांच्या जागेवर १८४६ साली नाट्यगृह सुरू झालं. आधी तिथे इंग्रजी नाटकं होत. १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी तिथे मराठी नाटकाचे प्रयोग केले. त्याच वर्षी पारशी मंडळींचं नाटकही तिथे झालं. म्हणजे आपल्या रंगभूमीला मुंबईत मोठ्या थिएटरचं दार उघडलं ते या जागेत.

भायखळ्याची राणीची बाग आणि शेजारचं म्युझियम आपण सहलीला दाखवतो. म्युझियमची पायाभरणी १८६२ साली झाली. त्यासाठी पैसा उभा करणाऱ्या नागरिकांमध्ये नाना होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते, डेव्हिड ससून होते. आज त्या म्युझियमला भाऊ दाजींचं नाव आहे. पुढच्या सहलीत पिंजऱ्यातला वाघ बघून झाल्यावर दोन मिनिटं नानांचीही आठवण मुलांना करून द्या.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात सहसा नसते. मरीन लाइन्सजवळचं सोनापूर स्मशान लांब शिवडीला हलवायचा बेत चालला होता. नानांनी तो होऊ दिला नाही. श्रीमंताला काय, तो गाडी करून जाईल. पण गरीब माणसाने खांद्यावर आपलं माणूस घेऊन गिरगावातून शिवडीपर्यंत चालायचं? वाडे-पेढ्यांच्या मालकाला हे सुचलं, म्हणून ते लोकांचे नाना झाले.

दरबारी लोकांचा आवाज

नाना सरकारचे मित्र होते, पण होयबा नव्हते. १८३०च्या दशकात पहिल्यांदा काही भारतीयांना मुंबईत जस्टिस ऑफ द पीस नेमलं गेलं, त्यात ते होते.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. मुंबईतली ही पहिली राजकीय संस्था. नाना, जमशेटजी, दादाभाई, भाऊ दाजी असे सगळे त्यात होते. संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कारभारात इथल्या लोकांना जागा द्या, मोठ्या पदांवर त्यांना घ्या, शिक्षणाकडे लक्ष द्या, अशा मागण्या त्यात होत्या. आज साध्या वाटतात. तेव्हा राज्यकर्त्यांना हे लेखी कळवायला धाडस लागत होतं. सरकारची नाराजी नको म्हणून काही बडी मंडळी पुढे मागे सरली. नाना टिकून राहिले.

पुढे १८८५ साली राष्ट्रीय काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत गवालिया टँकजवळच्या तेजपाल पाठशाळेत भरलं. ती जागा नाना चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाना तेव्हा हयात नव्हते, पण वाट त्यांच्या पिढीने पाडलेली होती.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीत नानांचं नाव होतं. पण तेच वर्ष त्यांच्यासाठी अवघड ठरलं. उत्तरेत उठाव झाला, मुंबईतही संशयाचं वातावरण पसरलं आणि नानांचे बंडवाल्यांशी संबंध आहेत अशी कुजबुज सरकारच्या कानावर गेली. त्यांची चौकशी झाली. त्यात काही निघालं नाही आणि ते निर्दोष ठरले. आयुष्यभर कमावलेली पत एका कुजबुजीने पणाला लागते, ती अशी. ती टिकली, कारण ती खरी होती. १८६२ साली मुंबई कायदेमंडळात जे पहिले भारतीय सभासद घेतले गेले, त्यांत नाना होते.

शेवटची वर्षे

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या, रोज नवे शेअर. व्यापारी, कारकून, सगळे शेअरच्या मागे वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला, सौद्यांचे पैसे चुकवायच्या दिवशी, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. लक्षाधीश रातोरात रस्त्यावर आले.

त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना शंकरशेठ गेले. वय ६२.

त्या एका महिन्यात मुंबईने काय काय पाहिलं असेल! एकीकडे कागदावरची श्रीमंती वाहून गेली. दुसरीकडे एक शेठजी गेला, पण त्याने लावलेला पैसा शाळेत, कॉलेजात, रुळांवर, बागेत तसाच राहिला. तो आजही बुडालेला नाही.

आज नाना कुठे भेटतात?

टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावातल्या मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. नाना चौकाजवळ त्यांच्या घराण्याने बांधलेलं भवानीशंकराचं देऊळ आहे. मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचं नाव द्यावं अशी मागणीही झालेली आहे.

आणि सर्वांत जिवंत स्मारक म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती. नानांच्या मागे त्यांच्या चिरंजीवांनी, विनायकरावांनी, ती सुरू केली. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिला येणाऱ्याला ती मिळायची. जुन्या पिढीत कोणी शंकरशेठ स्कॉलर आहे म्हटलं की लोक आदराने बघत. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले सी. डी. देशमुख यांनी १९१२ साली ती मिळवली होती. ते आपल्या रायगड जिल्ह्यातले, मराठी घरातले.

वर्गात काय करता येईल?

१. परिसर भेट : आपल्या भागातल्या एका रस्त्याचं किंवा चौकाचं नाव निवडा. ते कोणाचं आहे, हे मुलांनी घरी आणि दुकानदारांना विचारून यायचं. मुंबईतच हवं असं नाही.
२. वादविवाद (पाचवी ते सातवी) : दोन गट करा. एक पेरींच्या बाजूने, एक नानांच्या बाजूने. नंतर बाजू बदला. दुसऱ्याची बाजू मांडताना मुलं खूप शिकतात.
३. कालरेषा : १८०३, १८२२, १८२७, १८४०, १८४९, १८५२, १८५३, १८६५ हे आठ टप्पे दोरीवर चिठ्ठ्या लावून मांडा.
४. गणित : ३४ किमी अंतर. सव्वा तास लागला तर सरासरी वेग किती? तेच अंतर आज लोकलने किती वेळात?
५. पालकांसाठी : रात्री जेवताना मुलाला विचारा, तुझ्याकडे खूप पैसे असते तर आपल्या गल्लीसाठी तू पहिली काय गोष्ट केली असतीस?

जाता जाता

त्या रिक्षावाल्या दादांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. दोन दिवसांनी ते आले. मी त्यांना नानांची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मला विचारलं की मॅडम, तुमची मुलगी कोणत्या शाळेत आहे? माझी मुलगी मराठी शाळेतच आहे, म्हणून मी मान वर करून उत्तर देऊ शकले. पण आपल्यातले किती जण देऊ शकतील, हा प्रश्न मला त्या रात्री सलत राहिला.

त्यांनी दाखला नेला. मी दिला, कारण मूल त्यांचं आहे आणि निर्णय त्यांचा आहे. पण जाताना म्हणाले, धाकटी पुढच्या वर्षी पहिलीत येईल, तिचं बघू. त्या बघू मध्ये थोडी जागा आहे. ती भरायची तर नुसतं भाषेवर प्रेम करा असं सांगून चालणार नाही. आपला पाया पक्का आहे आणि आपल्या शाळेतलं मूल पुढे कुठेही कमी पडत नाही, हे आपल्याला रोजच्या तासातून दाखवावं लागेल. नानांना त्यांच्या पतीवर लोकांनी पैसे दिले. आपल्याला आपल्या पतीवर लोकांनी मुलं द्यायला हवीत.

पुढच्या वेळी नाना चौकातून जाल तेव्हा सोबतच्या मुलाला एवढं तरी सांगा की हे नाना कोणाचे तरी आजोबा नव्हते, आपल्या सगळ्यांच्या शाळेचे आजोबा होते.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर जरूर पाठवा.